आधी धुरा चालून ये

दुकानात गवत कापायची मशीन घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो पहिला प्रश्न विचारायचा, "अनवाणी चालला का कधी तुह्या धुऱ्यावरून?"

गिऱ्हाईक हसायचं. बोराटीचे काटे, गवतातले साप, कोण चालतं अनवाणी? तो हसायचा नाही. "मंग जाय. आधी धुरा चालून ये. जिथं पाय टाकाची हिंमत नाई, तिथं मशीन कायले नेतं?"

एकदा एका गिऱ्हाइकाने त्याच्याच पायांकडे बोट दाखवलं. त्याच्या पायात बारा महिने जाड तळाचे बूट असत. टाचेला फाटलेले, आणि त्याने स्वतः तारेने शिवलेले.

"तुमी काहून बूट घालता मंग, बाबा?"

"मले माहीत हाय तिथं काय हाय ते," तो म्हणाला. "म्हणून घालतो."

बाभुळगावला माझं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पुढच्या पत्र्याच्या सावलीत तो सहा-सात वर्षं बसला. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, ब्रश कटर दुरुस्त करायचा. गाव त्याला फिटर म्हणे. मी काका म्हणत असे आणि तो मला शेठ म्हणे, पण अशा आवाजात की शिवी बरी. गेल्या महिन्यात, पोळा झाल्यावर आठ दिवसांनी तो वारला. तो गेल्यावर त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं आहे. ते खोटं पहिल्यांदा मी बोललो होतो.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्या भागात धुऱ्यावर तारेचं कुंपण असतं, आणि त्या कुंपणाखाली आणखी एक कुंपण असतं जे दिसत नाही. आजोबाने लाकडी खांबांवर काटेरी तार ओढलेली असते. ती गंजून तुटली की बाप लोखंडी अँगल रोवतो आणि नवी तार ओढतो. तीही लोंबली की मुलगा सिमेंटचे खांब आणतो. पण जुनी तार कुणीच उचलत नाही. आळस म्हणून नव्हे. जुनी तार ही साक्ष असते. उद्या शेजाऱ्याने खांब हातभर सरकवले तर 'हे पाय, आमच्या आज्याची तार इथं हाय' म्हणून गवतातून उपसून दाखवता आली पाहिजे. त्यामुळे तीन पिढ्यांची तार तरोट्याखाली, गाजरगवताखाली, अर्धी मातीत आणि अर्धी वर अशी पडून असते. आणि त्याच गवतात आम्ही पेट्रोलच्या मशीनचं पातं फिरवतो.

हे त्याला दिसत होतं. त्याचा सगळा विक्षिप्तपणा म्हणतात तो एवढाच.

त्याच्याकडे ताटलीएवढं एक चुंबक होतं. माझ्याकडे यायच्या आधी तो वीस वर्षं एका जिनिंगमध्ये फिटर होता. तिथे कापूस यंत्रात जाण्याआधी त्यातलं लोखंड धरायला चुंबक लावतात, कारण कापसातून आलेला तारेचा बोटभर तुकडा आत गेला तर ठिणगी पडते. तशी एक आग त्याने पाहिली होती. "कापूस जयताना दिसत नाई, शेठ," तो मला सांगायचा. "आतून जयत राह्यते. वरून पांढराच्या पांढरा." ते चुंबक तो दोरीला बांधून धुऱ्यावरून ओढत चालायचा, बकरी चारायला नेल्यासारखा. दहा पावलं चालला की थांबायचा, चिकटलेले तुकडे सोलून काढायचा, चुंबकाने न निघणारी लांब तार लोखंडी सब्बलीने उपटायचा, आणि तेवढा तुकडा साफ झाला की खांबाला लाल चिंधी बांधायचा. चिंधी बांधली म्हणजे तिथवर मशीन न्यायला त्याची परवानगी. त्याच्या पलीकडे नाही.

एका सकाळी एक शेतकरी मोटारसायकल स्टँडला न लावताच दुकानात शिरला. फिटरने त्याच्या धुऱ्यावरून पोतंभर तार काढून नेली होती.

"माही साक्ष नेली तुमच्या माणसानं," तो माझ्यावर ओरडला. "आता शेजारी उद्या खांब सरकवते. मी काय दाखवू त्याले? गवत?"

फिटर पंपाचा वॉशर बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "साक्षीदार कधी झोपून साक्ष देते का रे बाबू? साक्ष हाय तं उभी कर."

त्याच दुपारी तो स्वतःच्या सायकलवर ते पोतं परत घेऊन गेला आणि जी तार ज्या खांबापाशी सापडली होती, तिचं वेटोळं करून त्याच खांबाला छातीच्या उंचीवर टांगून आला. तार उचलतानाच त्याने प्रत्येक गुंडाळीत खांबाचा आकडा लिहिलेला पुठ्ठा खोचून ठेवला होता. तेव्हापासून तो सगळीकडे तसंच करू लागला. आमच्याकडच्या काही धुऱ्यांवर खांबाखांबाला गंजलेल्या तारेची वेटोळी अजून लटकलेली दिसतात. नवीन माणसाला वाटतं, कसली तरी करणी केली आहे.

तणनाशक मागणाऱ्यावर तो सगळ्यात जास्त चिडायचा. "धुऱ्यावर औषध मारतं? गवताच्या मुयाईनं माती धरून ठेवली हाय ना. गवत मेलं का पावसात धुरा उकलते. धुरा उकलला का खांब हालते. मंग नवी तार घ्याले येशीन, याच शेठजवय." हे माझ्याच दुकानात, माझ्याच समोर. मी गल्ल्यावर बसून ऐकायचो.

मशीनला दातेरी चकती मागितली की तो विचारायचा, तार किती दूर आहे? पडीक मोकळ्या जागेतली बोराटी काढायची असेल तर चकती घे म्हणायचा. कुंपणाजवळ नाही. कुंपणाजवळचा त्याचा क्रम ठरलेला होता. आधी झुडपं हाताने काढायची. दोन फाट्यांच्या काठीने फांदी दाबून धरायची आणि विळ्याने बुडातून कापायची. मग चुंबक फिरवायचं. त्यानंतर मशीन, आणि तीही नायलॉनची दोरी लावून. दोरी तारेला लागली तर दोरी तुटते. पातं तारेला लागलं तर तार तुटते, आणि तुटलेली तार कुठे जाईल हे तिलाही ठाऊक नसतं.

विळ्याची धार तो डाव्या हाताच्या केसांवर बघायचा. त्यामुळे उजव्या हातावर अस्वलासारखे केस आणि डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत. मशीन घ्यायला आलेली माणसं कितीदा तरी त्याच्याशी बोलून फक्त विळा आणि कानस घेऊन गेली, आणि वर मला सांगून गेली की शेठ, तुमचा माणूस चांगला आहे.

मला राग यायचा. कंपनीचा माणूस दर महिन्याला येऊन विचारायचा, शेजारच्या तालुक्यात एवढ्या मशीन खपतात, तुमच्याकडे का नाही? विक्री कमी होते याचा राग होताच. पण खरा राग वेगळाच होता. फिटर बरोबर असायचा आणि ते मला कळायचं, याचा तो राग होता. अशा माणसाजवळ रोज बसणं सोपं नसतं. त्याने एकदा तरी चुकावं असं मला वाटायचं.

मग ते प्रात्यक्षिक ठरलं.

यवतमाळच्या कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर आहेत. नेरच्या रस्त्याला त्यांची शेती आहे. माणूस वजनदार, शब्दाला मान. त्यांच्या धुऱ्यावर कंपनीची नवी मशीन चालवून दाखवायची आणि आसपासच्या शेतकऱ्यांना बोलवायचं, असं ठरलं. मशीन मीच चालवणार होतो. फिटर आदल्या दिवसापासून सरांचा धुरा साफ करत होता. सकाळी नऊला मी पोचलो तेव्हा त्याचं काम अर्धंच झालं होतं.

"सतरा खांब झाले," तो म्हणाला. "सतराव्याले चिंधी बांधली. तिकडं आज्याच्या वक्ताची तार हाय, मातीत रुतली हाय. एक घंटा दे."

"लोक आले काका."

"मंग सतराव्याच्या पलीकडं जाऊ नको."

"नाही जात."

"अन् चकती लावू नको."

"नाही लावत. दोरीच लावली आहे, बघा."

"शबूद देतं?"

"दिला."

तो चाळीसेक पावलांवर पलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसला. मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कुणी यायचं नाही, हा नियम त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

पंचवीस-तीस माणसं जमली होती. अर्ध्यांच्या हातात मोबाईल. दोरीने गवत छान कापलं गेलं. सतराव्या खांबाशी मी मशीन बंद केली तेव्हा सर पुढे आले. "गवत तर आमची म्हैसही साफ करते. बोराटी कापून दाखवा की." लोक हसले. अठराव्या आणि एकोणिसाव्या खांबाच्या मध्ये छातीइतकी बोराटी होती. तिच्या बुडाशी काय आहे हे कुणालाच दिसत नव्हतं.

मी दोरीचा डबा काढून चकती बसवायला घेतली. फिटर लिंबाखालून उठून आला.

"शेठ."

"दोन मिनिटं, काका."

"दोन मिनिटात कोणाले तरी आंधया करशीन."

लोक पुन्हा हसले. या वेळी माझ्यावर. आणि पहिल्या रांगेत उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, "शेठ, दुकान तुमचं हाय का याचं?"

मी फिटरला म्हणालो, "जाऊन बसा तिकडे." असं मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. तो गेला. मी नट आवळला, मशीन सुरू केली आणि चिंधीच्या पलीकडे पाऊल टाकलं.

आता इथून पुढचं मला स्वच्छ लिहायचं आहे, कारण ते फक्त दोघांना ठाऊक होतं. मी बोराटीला चकती लावली, तशी उजवीकडे मला हालचाल दिसली. फिटर येत होता. म्हातारा माणूस त्या जड बुटांनी धावत होता, दोन्ही हात वर करून. काय ओरडतोय ते मशीनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. ऐकायची गरजही नव्हती. मुठीवरचं बोट मी सैल केलं असतं तर चकती मंदावली असती. मी त्याला पाहिलं, आणि बोट आणखी दाबलं. दुकान कुणाचं ते दाखवायला.

धातूचा एक आवाज आला. फार मोठा नाही. मशीनने हाताला हिसका दिला. फिटर पडला नाही, खाली बसला. डाव्या डोळ्यावर त्याचा पंजा होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. मशीन माझ्या गळ्यातल्या पट्ट्याला तशीच धडधडत लटकलेली.

"आधी मशीन बंद कर," तो म्हणाला.

यवतमाळच्या दवाखान्यात डोळा काढावा लागला. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. मला म्हणाला, "प्रात्यक्षिक तुम्ही करत होता. एजन्सी जाईल, वर पोलीस. त्याने नियम मोडला एवढं लिहून घ्या." कागदावर मी माझ्या हाताने लिहिलं की प्रात्यक्षिक सुरू असताना सदर इसम मनाई असूनही अचानक मशीनसमोर आल्याने अपघात झाला. फिटर खाटेवर बसला होता, अर्धं डोकं पट्टीत. उरलेल्या डोळ्यालाही पाणी येत होतं, त्याला अक्षर दिसत नव्हतं.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. तारीख वाचली, गाव वाचलं, मशीनचं नाव वाचलं, तारेचा तुकडा लागून डावा डोळा गेला ते वाचलं. मधलं एक वाक्य वगळलं. त्याने सही केली. जिनिंगमधला फिटर होता, सही सुरेख होती. मग पेन माझ्या हातात देताना म्हणाला, "चहा पेला का सकायपासून? तोंड पाय तुहं."

त्यानंतर मी जे केलं ते आणखी वाईट आहे. त्या दिवशी लोकांनी मोबाईलवर जे टिपलं होतं ते गावोगाव फिरत होतं. त्यात माझी पाठ दिसते. बोराटी दिसते. उजवीकडून एक म्हातारा हात वर करून मशीनवर धावत येतो, एवढंच दिसतं. माझे डोळे दिसत नाहीत. बोट दिसत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी चहा पाजला, तो व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं, "बघा, कसा मध्ये आला. मशीनमध्ये काही दोष नाही." लोक मान हलवायचे. त्या हंगामात चकत्या खूप खपल्या.

तो महिनाभराने कामावर परत आला. डोळ्यावर हिरवं फडकं. पत्र्याखाली बसला आणि पंप उघडला. पहिल्याच गिऱ्हाइकाला त्याने विचारलं, "अनवाणी चालला का तुह्या धुऱ्यावरून?" गिऱ्हाईक म्हणालं, "बाबा, तुमी तं बूट घालून गेलते ना? मंग?" सगळे हसले. मीही गल्ल्यावर बसून हसलो. कुणी विचारायचं, एका डोयानं काय दिसते? "तुह्या दोनापेक्षा जास्त," तो म्हणायचा. पण आता लोक त्याच्या उत्तराला थांबत नसत. ज्याला स्वतःचा डोळा सांभाळता आला नाही तो आम्हाला काय शिकवतो, असं त्याच्या तोंडावर म्हणत. त्याला धुऱ्यावर बोलावणं बंद झालं. चार महिन्यांनी तो यायचा थांबला. मी का ते विचारायला गेलो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मग त्याच्या मुलीकडून कळलं की त्याला तो कागद वाचून दाखवला गेला आहे. ती अंगणवाडीत काम करते. कुठल्याशा अर्जासाठी तिने त्याची प्रत मिळवली आणि बापाला वाचून दाखवली, सगळी वाक्यं. ती रस्त्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा काई बोलले नाई. भाकर खाल्ली अन् झोपले."

तरीही मी पाच वर्षं गेलो नाही. पाच वर्षांनी गेलो. तो घरापुढे बसून शेजारणीच्या शिलाई मशीनला तेल घालत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "काका, चूक माझी होती. मी तुम्हाला येताना पाहिलं होतं."

त्याने कुपी खाली ठेवली. "हे मले कायले सांगून राह्यला? मी तिथंच होतो."



"पोट्टे, खुर्ची आण शेठले," त्याने आत आवाज दिला. मग माझ्याकडे एका डोळ्याने बघत म्हणाला, "चुकीचं काई नाई बाबू. चूक जिनिंगात रोज होत होती. डोयाचं बी नाई, एक गेला तं दुसरा हाय. पण माहा शबूद एकच होता. तो तुनं मारला. मी म्हणलं तारेजवय पातं नको, तं लोक हसते. काहून हसते? तुनं त्यायले हसाले शिकवलं."

"काय करू, सांगा."

"ज्याले ज्याले चकती इकली त्याच्या धुऱ्यावर जाय. त्याले सांग, फिटर मधात नाई आला. मले नको सांगू. मले सांगून तुहं पोट हलकं होईन, त्यायच्या धुऱ्यावरची तार तशीच राहीन."

त्याच्या मुलीने खुर्ची आणली. मी बसलो नाही. येतो म्हणालो आणि गेलो नाही, ना त्याच्याकडे, ना कुणाच्या धुऱ्यावर. दुकान होतं, मुलीचं लग्न होतं, गुडघे दुखत होते. कारणं माणसाला कमी पडत नाहीत.

तो वारल्यावर विहारापुढे, अंगणवाडीच्या पटांगणात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्याच्या फोटोपुढे मेणबत्त्या. फोटो जुना, दोन्ही डोळ्यांचा. त्रिशरण-पंचशील झाल्यावर चार जण बोलले. सर बोलायला उठले. सर चांगलं बोलतात. म्हणाले, "अत्यंत प्रामाणिक कामगार. स्वभाव मात्र हट्टी. त्या हट्टापायी, एका क्षणाच्या निष्काळजीपणामुळे डोळा गमावला, पण कुणाला दोष दिला नाही."

मी उठलो. कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. दिलेला शब्द, चिंधी, बोट, वगळलेलं वाक्य. माझा आवाज चढला होता, मी सरांकडे बघून ओरडलोही, की बोराटी कापून दाखवा कोण म्हणालं होतं? मला वाटलं, आता कुणीतरी उठून माझ्या थोबाडीत मारेल. मारायला हवं होतं.

सर माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं," ते म्हणाले. दोघा-तिघांनी मान डोलावली. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. बाहेर पडताना अनोळखी माणसांनी माझा हात हातात घेतला. फोटोतल्या माणसाकडे कुणी पाहिलं नाही. त्याचं बरोबर होतं हे माझ्या तोंडून ऐकूनही त्यांना माझंच कौतुक सुचलं. त्या संतापाने मला अजून झोप लागत नाही. आणि त्या वेळी, खांद्यावर तो हात असताना, मला क्षणभर बरं वाटलं होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

फक्त त्याची मुलगी माझ्याजवळ आली नाही. ती भांडी उचलत होती. मीच गेलो.

"ताई, मी आज..."

"ऐकलं," ती म्हणाली. "इथं कोणाच्या धुऱ्यावर हाय चकती? इथं तं आमची अंगणवाडी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. पहिलाच धुरा मी मुद्दाम निवडला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पहिल्या रांगेतून 'दुकान तुमचं हाय का याचं' म्हणणारा तो शेतकरी. आठवड्याच्या आत त्याने मशीन नेली होती. कमरेइतक्या गवतात तो गळ्यात पट्टा अडकवून उभा होता, पेट्रोल भरून नुकतं झाकण लावत होता. मशीनला दातेरी चकती. तार हातभर अंतरावर.

"काय शेठ, इकडं कसे?"

"चकती काढा. तारेजवळ चकती चालवू नका. दोरी लावा, आणि आधी गवतातली तार उचला."

"काहून? इतके वर्सं झाले, काई झालं नाई."

"फिटरला झालं."

"तो मधात आलता ना."

"नाही आला. मला थांबवायला आला होता. मी त्याला पाहिलं होतं, तरी मशीन थांबवली नाही. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

त्याने तोंडातला खर्रा गालात सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. चिडलेला नव्हता. हिशेब लावणाऱ्या माणसासारखा बघत होता.

"दुकानात बसवून चहा पाजून सांगतलं होतं तुमी. व्हिडिओ बी तुमीच दाखवला."

"हो."

"मशीन इकाची होती म्हणून."

"हो."

"अन् आता?" तो म्हणाला. "नायलॉनची दोरी तुमच्याच दुकानात भेटते ना?"

दोरी माझ्याच दुकानात मिळते. फिटर असता तर त्याला हा माणूस असं विचारू शकला नसता, कारण फिटरने आयुष्यात कुणाला काही विकलं नव्हतं.

त्याने वाकून स्टार्टरची दोरी ओढली. मशीन पहिल्या ओढीत सुरू झाली. चांगली मशीन आहे, मीच निवडून दिली होती. त्याने मानेने मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि मी झालो.